गोड दुधाचा डबा

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि ती तर माझ्या पोटातलं ओठावर यायच्या आत ओळखायची. एवढं एक तिला सापडलं नाही. आता का सांगतोय? मन हलकं व्हावं म्हणून म्हणावं, तर मन जड आहे असंही वाटत नाही. कित्येक वर्षं त्या जागी काहीच वाटत नाही. दात काढल्यावर औषधाचा अंमल असतो ना, तसं. जीभ फिरते, पण गाल आपला वाटत नाही.

गोष्ट खाण्याची आहे. हसाल तुम्ही. मास्तरकीत जन्म घालवलेला माणूस कबुली द्यायला बसतो, आणि कसली? तर एक डबा खाल्ल्याची. मीही स्वतःशी असंच हसून बघितलं आहे. जमत नाही.

मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. तोरण्याच्या पायथ्याच्या आमच्या वाडीतले दोघे आसामकडे एकाच तळावर होतो — मी आणि धोंडी. धोंडी माझ्या भावकीतला, पलटणीत शिपाई, अक्षराचा गंध नसलेला. मी मराठी सातवी झालेलो, म्हणून मला शिध्याच्या कोठीवर कारकून केलेलं; मास्तरकी त्यानंतरची. बिस्किटं, मटणाचे डबे, चहा, साखर, सगळं माझ्या हाताखालून जायचं. खाण्याची ददात मला कधीच नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे तुम्हाला माझी दया यायला नको.

धोंडी पलटणीत गेला तो रागानं. त्याला बाप नव्हता. आई — तिला मी काकी म्हणायचो — आणि तिचा एकुलता भाऊ कामथडीला. त्या मामाची मुलगी हौसा. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, आणि काकीच्या मनात हौसा कधीचीच सून होऊन बसलेली. पण लग्नाच्या बैठकीत मामा चार माणसांत बोलून गेला, की जावई करीन, पण नुसता बसून खाणारा नको. धोंडी पानावरून उठला तो सरळ भरतीला गेला. मामाला मागाहून फार वाईट वाटलं. त्यानं बहिणीला शब्द दिला — पोराच्या मनात असेल तर त्यानं गोड धाडावं, तोवर मी थांबतो.

गोड धाडायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. मुलाकडून काहीतरी गोड जातं. गूळ म्हणा, साखर म्हणा. मुलीच्या बापानं ते तोंडात घातलं की बोलणं पक्कं. कागद नाही, सही नाही. उलट गोड आलंच नाही, तर मुलाकडून नकार. वर त्याबद्दल कुणी विचारायचंही नसतं, कारण विचारणं म्हणजे मुलगी गळ्यात मारणं.

मला रजा मिळाली तेव्हा धोंडी कोठीवर आला. हातात गोड दुधाचा डबा. बासुंदीहून दाट, पिवळसर, गोऱ्यांच्या चहासाठी यायचं ते दूध. माझ्याकडे मागितला असता तर मी एखादा दिला असता — हिशेबात बसवला असता. पण त्यानं मागितला नाही. आपल्या वाट्याची रम कुणाला तरी देत देत त्यानं तो मिळवला होता.

"ह्यो आयेला दे," तो म्हणाला. "म्हनावं, मामाचं तोंड गोड कर. बाकी काय सांगाया नगं. ती समजंल."

बोलताना लाजला. एवढा दांडगा गडी.

पुण्याहून सर्व्हिस मोटारीनं मी नसरापूरला उतरलो तेव्हा पाऊस झोडपत होता. तिथून वेल्ह्याकडे पायीच निघालो. मार्गासनीच्या अलीकडे गुंजवणीला असं पाणी आलं होतं की माणूस काय, बैलही टिकला नसता. काठावर वरच्या अंगाला एका शेताची राखणीची खोपी होती. मी तिथं मुक्काम टाकला. पाणी उतरेपर्यंत बसून राहायचं, दुसरं काय?

वाटेचा शिधा माझ्याजवळ होता. बिस्किटं — ती दातांनी फुटायची नाहीत, दगडानं फोडून पाण्यात भिजवायची, मग त्यांची खळ व्हायची. मटणाचा डबा. चहाची पूड. तीन दगड मांडून ओल्या काटक्यांवर मी टमरेलभर पाणी कसंबसं तापवलं. कोरा चहा, बिस्किटाची खळ, गार मटण. पोट भरलं. नीट ऐका — पोट भरलं होतं. वर टेकाडावर एक घरही दिसत होतं, धूर निघत होता. हाक मारली असती तर ताटात भाकरी पडली असती. मग तो डबा मी का काढला?

जिभेसाठी. याहून चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं.

आधी वाटलं, चहात थोडंसं घालू. दोन भोकं पाडू, आणि बिस्किटाच्या खळीनं बुजवू. काकीला काय कळतंय, डब्याला भोकं असतात का नसतात. चहा झाला. छान झाला. मग बिस्किटावर थोडं ओतलं. मग वाटलं, आता एवढा हलका लागतोय, हा देण्यात काय शोभा? — आणि मग डबा तोंडाला लावला. शेवटी डबे उघडायच्या किल्लीनं झाकण कापून बोटानं पुसून घेतला. चव चांगली होती. खोटं कशाला बोलू. डबा मी नदीत भिरकावला आणि पाणी उतरल्यावर घरी गेलो.

पण हा गुन्हा नव्हे. हा खादाडपणा. इथवर मी कुणालाही सांगू शकलो असतो. काकीच्या पाया पडून म्हटलं असतं, काकी, वाटेत अडकलो, खाल्ला, पण पोरगं होय म्हणालंय — तर तिनं पाठीत धपाटा घातला असता आणि नाचली असती. वाण्याकडून गुळाचा खडा घेऊन गेलो असतो तरी भागलं असतं. गुळाचा खडा! तेवढंही सुचलं नाही, असं म्हणवत नाही. सुचलं होतं. पण मग डब्याची गोष्ट धोंडीच्या कानावर जाणार, तळावर हसं होणार. कोठीवरचा कारकून, शिपायाचा डबा खातो. माझी तिथं इज्जत होती.

काकी दारातच होती. "धोंडी बरा हाय ना?" म्हणाली. मी म्हटलं, बरा आहे. ती माझ्या पिशवीकडे बघत राहिली. "कायबी धाडलं न्हाई?"

"न्हाई काकी."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला जेवायला वाढलं.

मी रजेवर आलोय हे कामथडीला कळलं, तसा मामा स्वतः आला. पावसात चालत, गुडघ्यापर्यंत चिखल. बहिणीच्या घरी न जाता आधी आमच्या पडवीत टेकला. जे विचारायचं नसतं ते विचारायला आला होता. मुंडाशाचं पाणी पिळता पिळता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्या हौशीचं काय बोलला का, बाबा?"

तेव्हाही सांगता येत होतंच की. गोड नव्हतं, पण तोंड होतं माझ्याजवळ.

मी म्हटलं, "न्हाई मामा. तसं काय बोलला न्हाई."

आईनं त्याच्यापुढे चहा ठेवला होता. तो म्हणाला, "असू दे," आणि उठला. चहा तसाच राहिला.

आता वाटत असेल, झालं, सांगून टाकलं यानं. नाही. अजून आहे.

रजा संपवून तळावर गेलो. धोंडी माझी वाटच बघत होता. "दिला का?" म्हणाला. मी म्हटलं, दिला. एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण त्याचं तोंड असं फुललं, की मी पुढे बोलत सुटलो. मामा स्वतः आला होता म्हटलं. झाकण आम्हीच कापून दिलं म्हटलं. मामानं बोट घालून चाटलं, मिशीला लागलं, काकी हसली — सगळं रचून सांगितलं. धोंडी पोट धरून हसला. पुढे कैकदा त्यानं मला तेच पुन्हा सांगायला लावलं. "मिशीला लागलं व्हय?" असं विचारायचा. आणि मी सांगायचो. दर वेळी थोडं अधिक रंगवून.

लढाई संपली, आणि आम्हाला सोडलं तेव्हा दोघे बरोबरच आलो. नसरापूरहून पुन्हा तीच वाट. या खेपेला उन्हाळा होता, गुंजवणीला घोट्याइतकं पाणी. धोंडीनं मुद्दाम तिथं मुक्काम करू म्हटलं. पिशवीत सुटताना मिळालेला शिधा होता. त्यानं चूल मांडली, बिस्किटं भिजवली, मटण गरम केलं. हौसासाठी घेतलेलं हिरवं लुगडं तो पुन्हापुन्हा काढून बघत होता. अख्खी वाट होती मला सांगायला. अख्खं जेवण होतं. निदान घरच्या दारात तो आंधळा तरी गेला नसता. मी काय केलं? बिस्किट चावलं. म्हटलं, कोण जाणे, मामा अजून थांबला असेल.

मामा थांबला नव्हता. हौसाला किकवीला देऊन वर्ष होऊन गेलं होतं.

काकीनं हे अंगणातच सांगितलं. मी शेजारी उभा. ती रडत नव्हती, भांडत होती. "येक गोडाचा कन धाडला असतास, तर भाऊ थांबला असता! माझ्या भावानं माझा उंबरा सोडला तुझ्यापायी. भाऊबीजंला आला न्हाई त्यो. येवढं कसं रं तुला जमलं न्हाई?"

धोंडीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चूल विझली का बघताना माणूस बघतो, तसं. मी खाली बघितलं. माझ्या बुटांवर धूळ होती, ती आठवते.

मग तो आईला म्हणाला, "इसरलो, आये."

का म्हणाला? मला माहीत नाही. हौसा परत येणार नव्हती म्हणून? की माझं तोंड बघून? त्यानं मला पुढे कधी विचारलं नाही. पावसाळ्यानंतर त्याचं लग्न झालं, दुसऱ्या मुलीशी. पोरंबाळं झाली. माझ्याशी बोलायचा, तमाखू द्यायचा. मामाच्या मिशीची गोष्ट मात्र पुन्हा मागितली नाही.

मामा मात्र फिरकला नाही. ज्यानं आपल्या मुलीला नाकारलं त्याच्या घरचं पाणी नको, असं म्हणायचा. काकी दर दिवाळीला भाऊबीजेचं ताट तयार करायची आणि दिवस मावळला की आत नेऊन ठेवायची. हे मी माझ्या पडवीतून बघायचो.

काही वर्षांनी काकी गेली. आमच्याकडे बाईमाणूस गेलं की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय उचलत नाहीत. धोंडी मला म्हणाला, "तू जा कामथडीला. तुजं ऐकंल त्यो." मी सायकल काढली.

मामा म्हातारा झाला होता. बातमी ऐकून जमिनीवरच बसला. मग म्हणाला, "खरं सांग, बाबा. त्या टायमाला पोरानं कायबी धाडलं न्हवतं?"

घरात आम्ही दोघेच होतो. मी 'धाडलं होतं' म्हणण्याची तो वाट बघत होता, हे मला दिसत होतं. तसं म्हटलं असतं तर तो माझ्याआधी उठून चालायला लागला असता.

मी म्हटलं, "न्हवतं."

तो आला नाही.

परत येऊन मी धोंडीला सांगितलं, मामा नाही म्हणाला. धोंडीनं मान हलवली. लोक खोळंबले होते, ऊन चढत होतं. मग मी घरी जाऊन बायकोच्या पेटीतलं कोरं लुगडं आणलं आणि माहेरच्या लुगड्याच्या जागी काकीच्या अंगावर घातलं. म्हातारी माणसं म्हणाली, सख्ख्या भावानं केलं नाही ते यानं केलं. तसं आमच्या वाडीत अजून म्हणतात.

मी ते ऐकून घेतलं, आणि खांदा द्यायला पुढे झालो.