पोरं हलली की पान गेलं

"पोरं हलली की पान गेलं!" असं म्हणून बाई स्वतःच्याच पानावर लाल फुली मारायच्या. हळहळ नाही, काही नाही.

बाई मुलांसाठी लिहायच्या आणि मी त्यांच्या पुस्तकांची चित्रं काढायचो. पुस्तक लिहून झालं की आम्ही नाशिकहून इगतपुरीजवळच्या एका शाळेत जायचो. बाई वाचणार आणि मी मागे बसून पोरांवर नजर ठेवणार. कुणी शेजाऱ्याला चिमटा काढला की मी हात वर करायचा. हेरगिरीच म्हणा ना!

म्हशीच्या पुस्तकाच्या वेळी मात्र कहर झाला. धरणात गाव बुडतं, तरी एक म्हैस रोज संध्याकाळी पोहत जुन्या गोठ्याकडे निघते, अशी ती गोष्ट. शेवटी आजोबा नातवंडांना चार शब्द सांगतात. तिथं अख्खा वर्ग चुळबुळ करू लागला. पुढच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, म्हस कुठं गेली? ह्यो आजोबा लय बोलतो!"

बाईंनी त्याच दिवशी छपाई थांबवली. आजोबांबरोबर माझी चित्रंही बुडाली. प्रकाशक कळवळून म्हणाले, "बाई, पुरस्काराची मुदत संपतेय हो!"

"संपू दे. पुरस्कार पुढच्या वर्षीही असतो. ही पोरगी एकदा कंटाळली तर पुस्तकाकडे परत फिरकणार नाही."

तोवर बाईंची तब्येत ढासळली होती. पुढचं वर्ष दिसेल की नाही, याचीच आम्हाला धास्ती. मी रागावलो, भांडलो. बाई उशाला टेकून शेवट पुन्हा लिहीत राहिल्या.

पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी. भरल्या सभागृहात बाईंनी सांगितलं, "शेवट इगतपुरीकडच्या एका पोरीनं सुधारलाय." माझी तर छाती फुगली. अशा बाईसाठी चित्रं काढली, यापेक्षा आणखी काय हवं!

बाई गेल्यानंतर परवा त्या शाळेत गेलो. गुरुजींनी ओशाळत म्हशीचं पुस्तक पुढे केलं. मुखपृष्ठ गळालेलं, पानांवर तेलकट बोटं, मी चित्रात काढलेल्या गावच्या सरपंचाला कुणीतरी पेनानं मिशा काढलेल्या.

"पोरांनी पार वाट लावली, साहेब. याच्यासाठी मारामाऱ्या होतात. नवी प्रत मिळेल का?"

नवी प्रत दिली आणि ती फाटकी मागून घेतली. नाशिक येईपर्यंत ती मांडीवरच होती. बाईंना मिळालेला सगळ्यात मोठा मान माझ्या हातात होता, आणि तो नेऊन द्यायला बाई नव्हत्या.