घसरमास्तर

लोधिवलीच्या बुधाजी ठोंबऱ्याला चौक गावापासून खोपोलीपर्यंत सगळे घसरमास्तर म्हणत. हे नाव कोणी कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. मोटार चालवायला शिकवणारे लोक तेव्हा मुंबईला पैशाला पासरी मिळत. पण धडधाकट मोटार मुद्दाम चिखलात घालायची, गर्रकन घसरवायची आणि मग ती सरळ कशी करायची ते शिकवायचं, असा उद्योग करणारा माणूस साऱ्या खालापूर भागात हा एकटाच. आणि एकटाच असल्यामुळे त्याला वेड लागलंय याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

हे वेड त्यानं लढाईतून आणलं होतं. जर्मनच्या लढाईत सरकारनं त्याला इराकात बसऱ्याकडे नेलं आणि मोटारीवर घातलं. तिकडची माती अशी, की दोन सरी पडल्या की रस्त्यावर कोणी साबण फासलाय असं वाटावं. तिथल्या गोऱ्या सार्जंटानं त्याला शिव्या घालघालून एकच गोष्ट शिकवली: मोटारीचा मागचा भाग जिकडे सरकेल तिकडेच स्टेअरिंग फिरव आणि ब्रेकवरचा पाय काढ. बुधाजी हातपाय शाबूत घेऊन घरी आला तो या एका गोष्टीच्या जोरावर. त्यामुळे ती सांगताना तो देवळातल्या कीर्तनकारापेक्षा जास्त पोटतिडकीनं सांगे, आणि ऐकणारे कीर्तनात डुलक्या घ्याव्यात तसे ऐकत.

खोपोलीच्या एका शेठनं खंडाळ्याच्या घाटात उतारूंच्या सर्व्हिस मोटारी सुरू केल्या तेव्हा ड्रायव्हर तयार करायचं काम बुधाजीकडे आलं. ड्रायव्हर आणायचे कुठून? मोटारींनी ज्यांचा धंदा बुडवला ते बैलगाडीवानच मोटारी चालवायला आले. घाटाची त्यांना खडान्‌खडा माहिती. पण गाडीवानाच्या अंगात दोन सवयी मुरलेल्या असतात. गाडी घसरायला लागली की तो कासरा मागे खेचून पाय रोवतो, आणि बैलांना डोंगराच्या अंगाला ओढतो. मोटारीत पाय रोवला तो ब्रेकवर बसतो, मोटार जास्तच घसरते, आणि डोंगराकडे ओढलं तर शेपूट दरीत जातं. बुधाजीनं भाताचं एक चिखलणी केलेलं खाचर भाड्यानं घेतलं होतं. त्यात मोटार घसरवून तो ओरडे, "दरीकडं फिरव! दरीकडं!" एका बांधाला त्यानं दरी म्हटलं होतं. चाळीस वर्षं डोंगराच्या अंगाला ओढलेले हात काही केल्या दरीकडे वळत नसत. बांधावर बसलेल्या बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसत, आणि बुधाजी चिखलात उभा राहून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेई. दुसऱ्याच्या कपाळावर मारायची सोय नव्हती.

अशा या वर्गात एकच जण खरा हुशार निघाला, आणि तो नेमका बुधाजीचा जावई. जयवंता त्याचं नाव. साजगावचा, पिढीजात गाडीवान, अंगानं पहाड आणि मनानं गरीब. थोड्याच दिवसांत तो खाचरात मोटार अशी नाचवू लागला की बांधावरच्या बायांचं हसू थांबलं. पण जावई म्हणजे जावई. इतरांना बुधाजी "अरे गाढवा, काढ तो पाय!" म्हणे. जयवंताला म्हणावं लागे, "जावईबापू, ब्रेकवरचा पाय जरा काढता का?" तोवर मोटार बांधावर चढलेली असे. लेक कोंडी याच जावयाच्या घरी होती, तिला सहावा महिना होता, आणि बैल विकून टाकलेले होते. जयवंताला मोटार मिळणं सगळ्यांच्याच गरजेचं होतं. मोटार कोणाच्या हाती द्यायची, हे मात्र शेठ बुधाजीला विचारून ठरवी.

खाचरात सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते वाघोबापाशी.

घाट अर्धा चढला की एक आखूड वळण लागे. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला नुसतं धुकं. पावसाळ्यात कातळावरचं पाणी तिथं रस्त्यावरून वाहायचं आणि खाली शेवाळ धरायचं. नेमक्या याच वळणावर ठाकर आदिवासींचा वाघोबा होता, शेंदूर माखलेला गुडघाभर दगड. गाडीवान तिथं कासरा मांडीखाली दाबून दोन्ही हात जोडत. बैलांना वाट पाठ, त्यामुळे कधी कोणाचं बिघडलं नाही. मोटारीला कसली वाट पाठ! पण हेच लोक मोटारीत बसले तरी वळणावर आले की स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडायचे, वर डोळेही मिटायचे.

बुधाजीनं सगळे उपाय करून पाहिले. थांबून पाया पडा म्हणाला, तर चढावर थांबलेली मोटार पुन्हा सुटेना, उतारूंना खाली उतरून ढकलायला लागे. एका हातानं नमस्कार करा म्हणाला, तर जयवंतानं शांतपणे विचारलं, "मामा, एका हातानं सलाम करत्यात, त्यो सायबाला. देवाला कसा करायचा?" बुधाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर जावई.

शेवटी तो ठाकूरवाडीवर गेला. वाघोबाची पूजा चांगो ठाकराकडे होती. बुधाजीनं विडी पुढे केली आणि म्हणाला, "चांगो, तुझा देव जरा खाली सरळीवर आण. तितं रस्ता सरळ, सपाट, रुंद हाय, मोटार उभी ऱ्हाते."

"आन् देव नाय बोलला तर?"

"इचारून तर बघ रं."

चांगोनं दगडाला तांदळाचे दाणे लावून कौल मागितला. बुधाजी जीव मुठीत धरून बघत होता. उजवा दाणा पडला, म्हणजे देवाचा होकार. कोंबडं कापलं, वाघोबा खाली सरळीवर आला, चांगोनं त्याला नवा शेंदूर लावला. बसऱ्याहून परत आल्यावरसुद्धा बुधाजीला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मोटारी नव्या जागेवर थांबू लागल्या, ड्रायव्हर उतरून रीतसर नारळ फोडू लागले. घरी बायको आनंदीबाई म्हणाली, "आता तरी नीट जेवाल." तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

श्रावणात जयवंताची परीक्षा ठरली. रिकामी मोटार खंडाळ्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची, बुधाजी शेजारी बसणार. चढताना जयवंतानं सरळीवर मोटार उभी केली, वाघोबाला नमस्कार केला, आणि पुढे वळण असं सफाईनं घेतलं की बुधाजीनं मनातल्या मनात मोटार त्याच्या हवाली करून टाकली. वळणावर जयवंताची नजर एकदा रिकाम्या कातळाकडे गेली हे त्याच्या लक्षात आलं नाही.

उतरताना पाऊस बारीक लागला होता. मोटार वळणावर आली आणि जयवंतानं दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून त्या रिकाम्या कातळाला जोडले.

स्टेअरिंग आपसूक सरळ झालं आणि मोटार दरीकडे निघाली. जयवंतानं दचकून ते डोंगराकडे ओढलं, ब्रेक दाबला, आणि मोटारीचं शेपूट दरीच्या अंगाला सुटलं. बुधाजीला ओरडायचं होतं, पण तोंडातून "जावईबापू—" एवढंच निघालं. तेवढ्यात जयवंतानं पाय काढला आणि स्टेअरिंग दरीकडे फिरवलं. डोळ्यांपुढे धुकं असताना, खाली काही नसताना, दरीकडे! मोटार कचरली, डुलली आणि वाटेवर सरळ झाली. खाचरात शिकवलेलं सगळं त्यानं अगदी अक्षरशः केलं होतं.

खाली सरळीवर जयवंतानं मोटार उभी केली. त्याच्या चेहऱ्यावर पाऊस आणि घाम, आणि वर हसू.

"पायलंत मामा? वाघोबानं वाचवलं."

बुधाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की भीतीचं, त्याचं त्यालाही कळलं नाही. इतके दिवस चिखलात घसा फोडून शिकवलं, आणि पुण्य गेलं त्या दगडाला!

"पण वाघोबा तर हितं आलाय! तितं हात कुणाला जोडलंत?"

"जागा हाय ना त्याची," जयवंता म्हणाला. "बापजाद्यांनी तितंच जोडलं. रिकामी म्हणून काय तशीच टाकून जायची?"

बुधाजीनं इतर ड्रायव्हरांवर नजर ठेवली तेव्हा कळलं की सगळेच तसं करत होते. आधी घाटात एकदा स्टेअरिंग सुटायचं ते वळणावर. देव हलवूनही ते सुटायचं तिथंच, वर नारळाचा खर्च वाढला. एवढ्या खटपटीनं त्यानं हे साधलं होतं.

तो शेठकडे गेला आणि म्हणाला, "जयवंताइतका हात दुसऱ्या कुणाचा नाय. पन त्याला मोटार देऊ नका." शेठनं कारण विचारलं आणि ऐकून पोट धरून हसला. देवभोळा ड्रायव्हर उतारूंना आवडतो, तो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवसापासून जयवंताला सकाळची फेरी दिली.

कोंडी माहेरी आली ती तणतणतच. बापानं आपल्या नवऱ्याच्या पोटावर पाय दिला हे तिला शेठच्या कारकुनाकडून कळलं होतं. "साऱ्या गावाला हात देता बाबा, आन् माझ्याच घराला लाथ?" बुधाजीनं तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं आणि तो उठून बाहेर गेला. हे कुंकू टिकावं म्हणूनच तो शेठकडे नाही म्हणाला होता, पण लेकीला ते सांगायचं तरी कसं? तोंडातून निघालं तर अभद्र.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो खोपोलीला गेला आणि जयवंताच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसला. जयवंताला वाटलं मामाला खंडाळ्याला काम असेल. वळण आलं तसा बुधाजी तिरपा झाला, जयवंतासमोरून दोन्ही हात घालून त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं आणि म्हणाला, "हं, जोडा आता."

जयवंतानं डोळे मिटून मनसोक्त नमस्कार केला. उतरतानाही तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही झालं. कोंडी बाळंत झाली, नातू रांगायला लागला, तरी पावसाचे चार महिने बुधाजी रोज पहिल्या फेरीला त्या जागेवर बसायचा. बाकीच्या ड्रायव्हरांसाठी तो काही करू शकत नव्हता. त्यांच्या नावानं बोटं मोडायचा आणि जायचा. उतारू विचारत, हे म्हातारे कोण? जयवंता अभिमानानं सांगे, आमचे मास्तर.

एकदा असाच धो धो पावसात मोटार वळणावर आली. बुधाजीनं स्टेअरिंग धरलं. जयवंतानं हात जोडले, आणि मग एक डोळा उघडून म्हणाला, "मामा, इतकं दिस येताव, पन तुमी काय कधी देवाला हात जोडलं नाय."

पुढच्या काचेवरून पाणी वाहत होतं, बुधाजीची नजर रस्त्यावरून हलली नाही.

"तुमीच जोडा माझ्या वाटचं," तो म्हणाला. "माझं हात गुतल्यात."