अहो टावर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर विहिरीच्या कठड्यापाशी उभं राहून पोरीला फोन लावला. शहर टेकडीपलीकडंच, पण आमच्या घरात रेंज यायची नाही. मी उंच, म्हणून फोन वर धरायचं काम माझं. बायको स्पीकरवर ओरडून बोलायची आणि मधेच मला दटावायची, "अहो टावर, जरा डावीकडं सरका की!" तिकडं पोरगी खो खो हसायची. त्याच आठवड्यात ही गेली.

आता टेकडीवर खराखुरा टावर उभा राहिलाय. काल पोरगी म्हणाली, "आप्पा, आता घरात बसून निवांत बोला." बसलो. आवाज असा स्वच्छ, जणू शेजारीच बसलीय. पण बोलू काय? बोलायची ती बायको. मी नुसता फोन धरायचो. इतक्या वर्षांत पोरीशी बोलायचं मी शिकलोच नाही. "बरं, ठेवतो," म्हटलं आणि ठेवला. रेंज फुल्ल आणि घर मुकं.

आज सकाळी मीच फोन लावला. म्हटलं, "पोरी, पिठलं कसं करायचं गं?" ती बारीकसारीक सांगत बसली. पिठलं मला येतं. पण मी तिला मधे तोडलं नाही.