तेराव्याची शीळ

सुमन गेली त्याच्या सहाव्या दिवशी माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूने संप पुकारला. दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत सोलापुरात संपाचे नवल नव्हते. पण हा ऐन तोंडावर! चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर. डावी पापणी मिटेना, आणि त्या डोळ्यातून दिवसभर पाणी गळू लागले. उजवा ठार कोरडा. (बायकोसाठी मला अजून रडू आले नव्हते. का, ते मलाही ठाऊक नाही.)

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी बजावले, "मास्तर, दर तीन तासांनी आरशासमोर भुवया उचला, गाल फुगवा, दात दाखवा, शीळ घाला. दहा-दहा वेळा. चुकवलंत तर तोंड असंच राहील!"

मी आज्ञाधारक माणूस. वेळापत्रक करून भिंतीला चिकटवले.

तेरावे उरकले, पाहुणे पांगले. सासू-सासरे मंद्रूपला परतणार होते, आणि आमच्या चार वर्षांच्या बेबीला कायमचे नेण्याचे मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मनात होते. ती गेली असती तर घरात मी आणि पुस्तकांची दोन कपाटे, एवढेच उरणार होतो.

बसायला सासूबाई माझ्या डावीकडे, मामा उजवीकडे. म्हणजे मामांना दिसत होता कोरडा डोळा आणि वर ओढलेला ओठ. चक्क हसरा विधुर!

"तुमाला लई दुक्क झाल्यालं दिसत न्हाय, मास्तर," मामा म्हणाले.

"अवो, काय बोलताय? सारकं पानी गळतंय की डोळ्यातनं!" सासूबाई म्हणाल्या.

"कुटं? ठक्क कोरडा हाय!"

इतक्यात चार वाजले. (शहाण्याने ती वेळ चुकवली असती.) मी उठलो, स्वयंपाकघरात आरसा धरला, दात दाखवले, शीळ घालू लागलो. शीळ कसली, पंक्चर झालेल्या सायकलची हवा! सहाव्या खेपेला मागे पाहतो तो दारात मामा, हातात रिकामा तांब्या.

"लेक जाऊन पंधरा दिस न्हाय झालं, आन तुमी आरशात बघून शीळ घालताय?"

"मामा, हा व्यायाम..." मी घाबरून बोलू लागलो, तसा उजवा ओठ आणखीच वर चढला.

"आगं ए, बघ, हसतोय!" त्यांनी तांब्या आपटला. "पोरीची कापडं बांध!"

सासूबाई धावत आल्या. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड गर्रकन फिरवून डावी बाजू नवऱ्यापुढे केली.

"हे बगा! हसतंय ते आजारानं. रडतंय ते सुमीसाठी. लेकरू हाय वो ते बी!"

मामांनी वाकून तो डोळा पाहिला. मग धोतराच्या सोग्याने स्वतःचेच डोळे पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बेबी हितंच ऱ्हाऊ दे."

वास्तविक ते गळणेही आजाराचेच होते. डॉक्टरांनी मला तसे स्पष्ट सांगितले होते. चौथीच्या मुलांना नेहमी खरे बोलावे असे मी वर्षभर शिकवतो. त्या संध्याकाळी मात्र मी चकार शब्द काढला नाही, आणि एस.टी. स्टँडपर्यंत, रस्त्यात दोनदा सायकलखाली येता येता वाचून, डावी बाजूच मामांकडे ठेवून चाललो.