सासऱ्याच्या दारात बोकड

एशेन दोन वर्षं मेल्यातच जमा होता. नारीनच्या बाजारात कोळशाची पोती वाहायची आणि बॉयलरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचं. जेवणावरची वासनाच उडालेली. गाव म्हणायचं, आळशी झालाय मेला. अरे, लेकराला बघायला तडफडणाऱ्या बापाला आळशी म्हणता, जीभ झडत नाही तुमची? घटस्फोटानंतर बायको लहानग्या लेकीला, बेगायिमला, घेऊन माहेरी राहत होती. एशेन फाटकाशी दिसला की मेहुणा साबिर चाबूक घेऊनच बाहेर यायचा.

पण आमच्याकडे एक रीत आहे. घोड्यांवरून बोकड हिसकावायच्या खेळात उलाक, म्हणजे तो बिनमुंडक्याचा बोकड, जिंकून कुणाच्या दारात टाकला, तर त्या घराला फाटक उघडावंच लागतं. टाकणाऱ्याला मानाने जेवू घालावं लागतं. लेकीला बघायचा एवढाच रस्ता एशेनला उरला होता.

नवरोजच्या सणाला खेळ भरला, तेव्हा तो उसन्या घोड्यावर बसला आणि जिवावर उदार होऊन भिडला. घोड्यावर घोडे आदळत होते. चाबकाने त्याची भुवई फाटली, दात पडले, एक बोट मोडून लोंबायला लागलं. त्यानेही चाबकाची मूठ घालून एकाचं नाक फोडलं आणि बोकड मांडीखाली दाबला. गुण मिळवायला टाकायचा तो गोलात, तर हा पठ्ठ्या मैदान सोडून सुसाट गावात. त्याच्याच संघातले शिव्या घालत, त्याच्या पाठीवर चाबूक ओढत मागे लागले.

सासऱ्याच्या फाटकावर बोकड धाडकन आपटला. साबिरने एशेनला घोड्यावरून खाली खेचलं आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. तेवढ्यात म्हातारी सासू आली आणि तिने लेकाच्याच पाठीत काठी घातली.

"दारात उलाक आलाय," ती म्हणाली. "मारायचं तर उद्या मार. आज तो पाहुणा आहे."

एशेनला वरच्या, मानाच्या जागी बसवलं. जेवणाआधी पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं काम घरातल्या सगळ्यात लहानाचं. बेगायिम झारी आणि हात धुवायचं तस्त घेऊन आली. केवढी वाढली होती पोर! एशेनने मोडक्या बोटाचा हात पुढे केला. तिने पाणी घातलं, तस्त लाल झालं. तिने दचकून त्या फुटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

"काका," ती हळूच म्हणाली, "दुसरा हात."

एशेनने दुसरा हात पुढे केला.