एल्डरशॉची हाक

"तो दगड खाली ठेवा."

कॅनडाहून आलेल्या बाईंनी कुंपणाच्या भिंतीतला मुठीएवढा दगड अलगद काढून पर्समध्ये टाकला होता. हेस्टर अंगणात कोकराला बाटलीने दूध पाजत होती. तिने मान वर करून एवढंच म्हटलं आणि पुन्हा कोकराकडे वळली.

"आठवण म्हणून हो!" बाई लाजल्या. "मी डोरीन एल्डरशॉ. आमच्या गावाचं नावसुद्धा एल्डरशॉच आहे. माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांनी वसवलं. इथूनच गेले होते ते."

"जाताना त्यांनी भिंत नव्हती नेली," हेस्टर म्हणाली. "एकेक जण एकेक दगड नेईल, तर मेंढ्या उद्या स्वयंपाकघरात येतील."

दर उन्हाळ्यात असे चार-दोन एल्डरशॉ यायचेच. कुठे ऑस्ट्रेलियात एल्डरशॉ नावाचा रस्ता, कुठे त्या नावाची शाळा. सगळ्यांची गंगोत्री म्हणजे यॉर्कशरमधल्या आमच्या खोऱ्यातलं हे एवढंसं शेत, दगडी घर आणि मागचा उघडा डोंगर. आधी जागेचं नाव एल्डरशॉ पडलं आणि मग तिथे राहणाऱ्यांना लोक त्याच नावाने ओळखू लागले. आमच्याकडे अजून तीच रीत आहे. माणसाला आडनावाने कोण विचारतो? शेताच्या नावाने हाक मारायची, की बरोबर तो माणूस वळून बघतो.

डोरीनबाईंनी दगड जागेवर ठेवला आणि प्रेमाने विचारलं, "म्हणजे तुम्हीही एल्डरशॉच ना?"

हेस्टरने तोंड उघडायच्या आत दारातून म्हातारा खेकसला, "ती नव्हे. मी."

हा ऑस्वल्ड, हेस्टरचा सासरा. हेस्टर डोंगरापलीकडची, लँकशरची. आमच्याकडे ते परदेशापेक्षा वाईट. लग्न होऊन तीस वर्षं झाली, नवरा नेड जाऊनही बराच काळ लोटला, पण म्हाताऱ्याच्या लेखी ती अजून 'नेडने पलीकडून आणलेली पोर' होती. तिने त्याचे मोजे धुतले, त्याचं आजारपण काढलं, त्याच्या मेंढ्यांची अडलेली बाळंतपणं केली, पण नाव काही मिळालं नाही. हेस्टर वरवर हसायची. आतून मात्र ते दरवेळी लागायचं, हे मी स्पष्टच सांगतो.

मग ते रोगाचं साल आलं.

शेजारच्या खोऱ्यात जनावरांचा रोग निघाला आणि सरकारी माणसं आली. एल्डरशॉच्या मेंढ्यांना शिंकसुद्धा आली नव्हती. पण सरकारने आखलेल्या रेषेच्या आत आमच्या खोऱ्यातलं तेवढंच शेत येत होतं, आणि नियम म्हणजे नियम, सगळा कळप एका दुपारी मारला गेला. ऑस्वल्डने पाठ फिरवली आणि चुलीसमोर जाऊन बसला. पुढचे कित्येक दिवस तो तिथून हललाच नाही.

"मेंढ्या पुन्हा घेऊ, बाबा," हेस्टर म्हणाली.

"मेंढ्या बाजारात मिळतात. डोंगर ओळखणाऱ्या मेंढ्या नाही मिळत," म्हातारा म्हणाला. "एल्डरशॉ संपलं."

तो रडत नव्हता, खरं तेच सांगत होता. आमच्या डोंगरावर कुंपण नाही. सगळ्या शेतांचे कळप एकाच माळावर चरतात, पण जो तो आपल्या हद्दीत. ती हद्द मेंढीला तिची आई शिकवते, आईला तिच्या आईने शिकवलेली असते. त्याला आम्ही हेफ्ट म्हणतो. शेत विकलं तरी कळप शेताबरोबरच जातो, कारण तो डोंगर सोडून कुठे राहतच नाही. ही साखळी आज्यापणज्यांच्याही आधीपासूनची. एका दुपारी ती तुटली.

ऑस्वल्डचा नातू जर्विस लीड्सहून आला. हा हेस्टरच्या दिराचा मुलगा, घरं विकायचा धंदा, बूट चकचकीत. "काकू, आता कसला हट्ट? गोठ्याच्या खोल्या करू, पर्यटकांना भाड्याने देऊ. फाटकावर मोठी पाटी लावू, एल्डरशॉ म्हणून. नाव कुठे जातंय?"

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," हेस्टर म्हणाली. "मेंढ्यांशिवाय कसलं रे एल्डरशॉ?"

"पण काकू, राग मानू नका, एल्डरशॉ तर मी आहे ना?"

हेस्टरने त्याच्यापुढे फळांचा केक ठेवला, वर आमच्या रीतीप्रमाणे चीजचा तुकडा ठेवला. पोर केक खाऊन गेलं. त्या आठवड्यात तिने दूरच्या बाजारातून स्वेलडेल जातीच्या मेंढ्या आणल्या आणि त्यांच्या खांद्यावर एल्डरशॉच्या खुणेचा निळा पट्टा ओढला.

डोंगर वापरणाऱ्या शेतकऱ्यांची बैठक पबमध्ये भरली. शेजारच्या शेताचा विल्फ मेटकाफ सज्जन माणूस, पण स्पष्टवक्ता. "हेस्टर, तुझ्या ह्या परक्या मेंढ्या डोंगरभर उंडारणार. माझं गवत खाणार, माझ्या मेंढ्या घेऊन पळणार. आम्ही काय रोज तुझ्याच मेंढ्या हाकत बसायचं?"

"मी शिकवीन त्यांना."

सगळे हसले. "मेंढ्यांची शाळा काढतेय हेस्टर!"

"हसा. पण मला तिसऱ्या शरदापर्यंत वेळ द्या. त्या वर्षी कळप खाली आणू तेव्हा माझ्या मेंढ्या तुमच्यात विखुरलेल्या निघाल्या, तर मी होऊन त्या विकीन."

"आणि शेत?" विल्फने विचारलं.

"मग जर्विसची पाटी लागेल," ती म्हणाली. आता कोणी हसलं नाही.

तेव्हापासून हेस्टर आणि तिची कुत्री टॅन्सी रोज डोंगरावर. सकाळी चहा पोटात गेला न गेला की निघायची. हद्द म्हणजे काय, तर वर एक करडा खडक, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला पडका मेंढवाडा. मेंढी ओढा ओलांडायला निघाली की परत फिरवायची. ती फिरली की दुसरी खडकामागे गायब. पालथ्या घड्यावर पाणी! पाऊस आडवा यायचा, वारा कानशिलात मारायचा, आणि विल्फच्या हद्दीतून रोज निरोप: "तुझी विद्यार्थिनी आमच्याकडे आली आहे, घेऊन जा." बाईचे गुडघे बोलायला लागले. तिने त्यांचं ऐकलं नाही.

पहिल्या वर्षी नाकी नऊ आले. दुसऱ्या वर्षी तिने चूक केली.

वसंतात उशिरा बर्फ पडला. मेंढ्यांबरोबर नुकती जन्मलेली कोकरं होती. हेस्टरला दया आली आणि तिने सगळा कळप खाली घराजवळच्या कुरणात आणला. कोण नाही आणणार? पण बर्फ वितळला, ऊन पडलं, गवत लुसलुशीत झालं, तरी तिच्याने त्यांना वर घालवेना. आज नेऊ, उद्या नेऊ करत उन्हाळा उजाडला. अखेर वर नेलं, तर झालं काय, संध्याकाळी सगळा कळप खालच्या फाटकाशी येऊन उभा. कोकरं त्यांच्यापुढे! कोकरांनी आईकडून शिकायचं ते शिकलं होतं, की आपलं घर म्हणजे घरामागचं कुरण.

हेस्टर फाटकाला टेकून उभी राहिली आणि खूप दिवसांनी रडली. मागे काठीचा आवाज आला. ऑस्वल्ड त्या वर्षी प्रथमच अंगणाबाहेर आला होता.

"लाड केलेस," तो म्हणाला.

"केले. बर्फात मरू देऊ का त्यांना?"

"बर्फ संपल्यावर दुसऱ्या दिवशी वर घालायच्या. आणि तू मूर्खासारखी सकाळी वर जाऊन त्यांच्यामागे धावतेस, ते खिडकीतून बघवत नाही मला."

"मग काय करू? बोला ना एकदाचं!"

"मेंढी झोपायला उंचावर जाते. संध्याकाळी त्यांना करड्या खडकाशी चढव आणि बसू दे. जिथे झोपते तेच मेंढीचं घर. सकाळी ती तिथूनच खाली चरत येते, तेव्हा तू फक्त ओढ्याशी उभी राहा. धावायचं काम नाही, उभं राहायचं काम आहे."

"हे पहिल्याच वर्षी सांगायला जीभ झडली होती का तुमची?"

"तू टिकशील असं कुठे वाटलं होतं?" म्हातारा म्हणाला आणि आत निघून गेला.

हेस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रागातच तिने टॅन्सीला शीळ घातली आणि अख्खा कळप करड्या खडकापर्यंत चढवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या हिवाळ्यात, धुक्यात, नाताळच्या जेवणाआधी आणि जेवणानंतर. पुढच्या वसंतात कोकरं वरच्या सपाटीवर आयांच्या मागे धावली आणि त्यांना खालचं कुरण माहीतच नव्हतं. विल्फचे निरोप कमी झाले. पण विल्फ म्हणायचा, "तू ओढ्याशी उभी आहेस म्हणून त्या थांबतात गं. तू नसलीस की कळेल."

आणि ती नसायची वेळ आलीच. तिसऱ्या शरदात, कळप खाली आणायच्या थोडे दिवस आधी, ओल्या दगडावरून हेस्टरचा पाय घसरला आणि घोटा मोडला. पायाला प्लास्टर, खुर्चीत बसून राहायची शिक्षा. बाहेर धुकं असं दाट, की खिडकीतून फाटकसुद्धा दिसेना.

विल्फ भेटायला आला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "कळप उतरेपर्यंत मी माझी कुत्री ओढ्याशी ठेवतो. कोणाला सांगणार नाही."

हो म्हटलं असतं तर शेत वाचत होतं. तीन वर्षांची मेहनत, नेडचं घर, डोंगर, सगळं एका 'हो'वर अडलं होतं. तिच्या ओठांवर आलंही असेल.

"नको," ती म्हणाली. "कोणी उभं राहिलं तरच थांबणार असतील, तर त्या एल्डरशॉच्या नाहीत. असतील तर थांबतील."

"अगं, आयुष्याचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच नको म्हणते. चहा घेतोस का?"

चुलीसमोर बसलेला ऑस्वल्ड हे ऐकत होता. त्या संध्याकाळी चहाचे कप त्याने विसळले. त्या घरात हे कधी घडलं नव्हतं.

कळप उतरवायच्या दिवशी सगळं खोरं मेंढवाड्यांशी जमलं. हेस्टर कुबडी घेऊन भिंतीशी टेकून उभी होती. जर्विसही आला होता, चकचकीत बूट चिखलात. आमची रीत अशी: प्रत्येक हद्दीतला कळप वेगळा उतरवतात, आणि त्यात दुसऱ्याच्या मेंढ्या निघाल्या की त्या चुकारांच्या वाड्यात घालतात. मग सगळ्यांत म्हातारा मेंढपाळ फाटकाशी उभा राहून एकेका शेताच्या नावाने हाक मारतो. ज्याची हाक, त्याने "आहे" म्हणून पुढे व्हायचं, आपला कळप ताब्यात घ्यायचा, आणि चुकार मेंढ्या असतील तर चारचौघांत मान खाली घालून त्याही न्यायच्या.

हाक मारायचा मान ऑस्वल्डचा. पूर्वी तो "एल्डरशॉ!" म्हणून ओरडायचा आणि स्वतःच "आहे!" म्हणायचा, लोक दरवर्षी तेवढ्याच जोरात हसायचे. रोगाच्या सालापासून ते नाव त्याने पुकारलंच नव्हतं. हेस्टर आपल्या चुकार मेंढ्या गुपचूप न्यायची.

विल्फची हद्द उतरली. हेस्टर पांढऱ्याशुभ्र पाठींमधून निळा पट्टा शोधत राहिली. एक दिसला. मग दुसरा. बस. बाजारातून आणलेल्या दोन म्हाताऱ्या मेंढ्या, सवयीच्या भटक्या. करड्या खडकामागची हद्द उतरली, त्यात एकही नाही. पडक्या मेंढवाड्यापलीकडचीही उतरली, तिथेही नाही.

हेस्टरच्या हद्दीत तिच्यासाठी विल्फची मुलगी गेली होती. धुक्यातून आधी टॅन्सीचं भुंकणं आलं, मग खुरांचा आवाज, आणि मग निळे पट्टेच पट्टे. आया, आणि त्यांच्या पुढे डोंगरावर वाढलेली कोकरं.

"कुठे होत्या गं?" विल्फने ओरडून विचारलं.

"करड्या खडकाशी! सगळ्या तिथेच बसल्या होत्या!"

विल्फने टोपी काढली.

ऑस्वल्ड फाटकाशी गेला. एकेक शेत पुकारलं गेलं, एकेक माणूस "आहे" म्हणून पुढे झाला. शेवटचा कळप उरला. म्हाताऱ्याने छाती भरून घेतली.

"एल्डरशॉ!"

सगळे थांबले. म्हातारा स्वतःच "आहे" म्हणेल म्हणून हेस्टरही थांबली. जर्विस अर्धवट पुढे झाला. पण म्हातारा त्याच्याकडे बघतही नव्हता. तो सरळ भिंतीकडे बघत होता.

"एल्डरशॉ! पायाबरोबर कानही मोडलेत का, पोरी? किती वेळ ओरडायला लावतेस?"

हेस्टरने भिंतीचा टेकू सोडला.

"आहे," ती म्हणाली, आणि कुबडी टेकत फाटक उघडायला निघाली.