गुऱ्हाळावरच्या जागरणाच्या गोळ्या

ही हकिकत मी आजवर टाळली. त्या हंगामाचा विषय निघाला की गुऱ्हाळाच्या चार गमती सांगून मी उठायचो.

लढाई संपून ब्रह्मदेशातून कुंडलला परतलो, तेव्हा पलटणीत मिळालेल्या, झोप उडवणाऱ्या गोळ्या माझ्या ट्रंकेत उरल्या होत्या. थोरला भाऊ गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ रांधणारा होता. तोडलेला ऊस थांबत नाही, त्यामुळे हंगामात त्याला रस आटवायच्या काहिलीपुढून हलता येत नसे. त्याचे तारवटलेले डोळे पाहून मीच गोळी दिली. "आमी ह्याच्यावर रात रात चाललोय, दादा." त्याला हुशारी वाटली. मग तो रोज मागू लागला आणि मी देत गेलो.

एका सकाळी पाक ढवळता ढवळता "डोस्कं फुटतंय रं" म्हणाला आणि कोसळला. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं, वाचा बंद. उरलेल्या गोळ्या मी काहिलीखालच्या चुलवाणात टाकल्या.

सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध चालू होतं?" मी नाही म्हणालो. नंतर पलटणीतल्या मित्राचं निमित्त करून त्यांना त्या गोळीबद्दल विचारलं. तिनं रक्ताचा दाब एकदम चढतो, मेंदूतली शीर फुटू शकते, असं ते म्हणाले.

घरी दोष आधीच ठरला होता. त्या हंगामाचा पहिला गूळ म्हसवडच्या सिद्धनाथाला ठेवण्याआधी वहिनीनं लेकराच्या हातावर ठेवला होता. "देवाच्या आधी खाल्लं, दुसरं काय हुणार," आई येईल-जाईल त्याला सांगे. मी उठून गुऱ्हाळाकडे जाई.

वहिनी मात्र रोज कोमट गुळाचा गोळा नवऱ्याच्या लुळ्या मुठीत देई. "दाबा की. का गूळबी मीच करू आता?" तो डोळे वटारी. "वटारा. तेवढं तरी चालत्यात."

पुढच्या हंगामात तो काठी टेकत काहिलीपाशी आला. पाक तयार झाला का ते बघायला डाव्या हातानं थोडा पाण्यात सोडला, उजव्या हाताच्या बोटांनी त्याची गोळी वळली आणि म्हणाला, "उतरवा." शब्द जड होता, पण चुलवाणापर्यंत ऐकू गेला. ढेप अशी पिवळीधमक निघाली की सांगलीच्या पेठेतला जैन अडत्या नमुन्यासाठीही ती फोडायला तयार होईना.

"सिद्धनाथ पावला," आई म्हणाली.

"व्हय तर. रोज मूठ दाबाय त्योच येत हुता," वहिनी म्हणाली, आणि पहिल्यांदा आईच हसली. भावानं पुढं कितीतरी हंगाम गाजवले.

पण तो बोल वहिनीवरून कुणी काढला नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसलो होतो. "आवं भावजी, कायतरी बोला की," ती म्हणाली. मी पाणी हवं का विचारलं. म्हणायचं होतं ते एवढंच: वहिनी, तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं. गोळ्या मी दिल्या होत्या. मला माफ करा.